काम चोख, तरी माणूस नकोसा?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अकाउंट्समध्ये नऊ वर्षं काम करतोय. महिनाअखेरचं क्लोजिंग माझ्याशिवाय होत नाही हे ऑफिसात कुणीही सांगेल, सिस्टीम बदलली तेव्हा जुन्या-नव्या सगळ्या खात्यांचा मेळ मीच घातला, रात्री अकरा-अकरापर्यंत बसून. आणि टीम लीड कोण झालं तर माझ्यानंतर चार वर्षांनी आलेला एक जण, ज्याला अजून रिकन्सिलिएशन, म्हणजे हिशेबांचा मेळ घालणं, धड जमत नाही. लोक अडले की त्याला विचारतात, त्याला येत नाही म्हणून तो येऊन मला विचारतो, म्हणजे उत्तर शेवटी माझंच! पण हसतमुख आहे, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतो, बास. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "तुझं काम उत्तमच आहे रे, पण लोकांना तुझ्यासोबत अवघड जातं." म्हणजे आता काम येण्यापेक्षा आवडतं असणं महत्त्वाचं का? मला गोड गोड बोलणं जमत नाही आणि जमवायचंही नाही.
— एक वैतागलेला वाचक

उत्तर : वैताग रास्त आहे. नऊ वर्षं घासल्यावर कुणालाही लागेलच ते. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, लोक त्याला विचारतात आणि तो तुम्हाला विचारतो. दादा, मग ते लोक थेट तुमच्याकडे का येत नाहीत हो? तुम्ही त्याच ऑफिसात बसता, उत्तर तुमच्याकडे आहे हेही त्यांना माहीत असणार, तरी वळसा घालून जातात.

यावर अभ्यास झालेलाय. तिझियाना कासियारो आणि मिगेल सोझा लोबो या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या प्रकारच्या संस्थांमधली कामाची नाती तपासली, कोण कोणाकडे कामासाठी जातं, कोण कोणाला आवडतं, कोणाला किती काम येतं असं सगळं विचारून. 2005 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या व्यवस्थापनावरच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला होता. तोंडाने विचारलं तर लोक म्हणतात की आम्हाला काम येणारा माणूस हवा, स्वभावाचं काय ते बघून घेऊ. पण प्रत्यक्षात कोणाकडे जातात हे बघितलं तर उलटंच. जो माणूस अगदी नकोसा वाटतो त्याला काम येतं की नाही याने जवळजवळ फरकच पडत नव्हता, लोक जातच नव्हते. आणि जो आवडतो त्याच्याकडे जे काही थोडंफार ज्ञान असेल ते लोक शोधून काढून वापरत होते.

म्हणजे तुमचं काम कमी पडलेलं नाही, ते लोकांपर्यंत पोचत नाहीये. तुमच्या सहकाऱ्याने नेमकी ती पोचवायची जागा धरलीय आणि टीम लीडचं अर्धं काम तेच असतं.

माझंच सांगते. नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडे एक सिनियर होते, डोकं म्हणजे काय विचारू नका. पण काही विचारलं की स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणायचे, "फाइलमध्ये आहे." एवढंच. कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या शीटवर, काही नाही. मी त्यांना पाठवायचा मेसेज आधी वहीत लिहायचे, तीनदा खोडायचे, की हा प्रश्न बावळट तर वाटणार नाही ना, आणि मग न पाठवताच शेजारच्या टेबलावर जायचे. तिथल्या बाईंना त्यातलं निम्मंही येत नव्हतं, पण त्या खुर्ची सरकवून म्हणायच्या, "बघू, कुठे अडलंय?" एकदा आम्ही दोघींनी मिळून एक अख्खा रिपोर्ट चुकीचा पाठवला! सिनियरना विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. तेव्हा मला वाटायचं चूक माझी, आज वाटतं थोडी त्यांचीही होती.

तेव्हा गोड बोलू नका, खरंच नको. जन्मभर न हसलेला माणूस अचानक वाढदिवसाला केक घेऊन उभा राहिला तर लोक जास्तच घाबरतील. चमचेगिरी आणि पुढेपुढे करणं हे तर वेगळंच प्रकरण, ते साहेबांकडे तोंड करून चालतं आणि बाकीच्यांना बरोबर दिसतं. मी म्हणतेय ते फार छोटं आहे. कुणी विचारायला आलं की समोरच्याला आपण मूर्ख आहोत असं वाटून परत जायला लागू नये, इतकंच. "हे मागच्या महिन्यात सांगितलं होतं" हे वाक्य तुम्ही दिवसातून किती वेळा म्हणता ते एक आठवडा मोजा. मला आकडा कळवू नका, स्वतःपुरता ठेवा.

आणि एक गंमत, तुमच्या उपयोगाची. 1966 साली मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, लोकांना प्रश्नमंजुषेची टेप ऐकवली. एका टेपमधला माणूस जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर देतो, दुसऱ्यातला यथातथाच. काही टेपमध्ये शेवटी त्या माणसाच्या अंगावर कॉफी सांडल्याचा आवाज. तर हुशार माणसाने कॉफी सांडली की तो लोकांना आणखी आवडला, आणि यथातथावाल्याने सांडली की आणखी नावडता झाला. तुम्ही पहिल्या गटातले आहात, त्यामुळे "गेल्या क्लोजिंगला मीही हीच एंट्री उलटी टाकली होती" हे बोलणं तुम्हाला परवडतं. चुकला असाल कधीतरी, आठवा.

आता साहेबांबद्दल. "लोकांना अवघड जातं" हा काय फीडबॅक झाला का? कोणाला, कधी, कशामुळे? अप्रेझलची वाट बघू नका, दोन ठरावीक प्रसंग मागा. कारण नुसत्या आवडीवरून माणसं मोजायला लागलं की मोजणारा पण फसतो. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 सालीच दाखवलंय की अधिकारी हाताखालच्या सैनिकांना गुण देताना एका बाबतीत चांगला वाटलेल्याला बाकीच्या बाबतीतही चांगलेच गुण देऊन मोकळे होत होते. तुमच्या नव्या लीडला रिकन्सिलिएशन येत नसेल तर ते हसण्याने येणार नाहीये, आणि ज्या महिन्यात तुम्ही रजेवर असाल त्या महिन्यात साहेबांना ते कळेल. खरं तर मुळात तुम्हाला लीड व्हायचंय का, तेही ठरवा. माणसं सांभाळायचा कंटाळा असेल तर पगार आणि हुद्दा वाढवून याच कामात राहता येईल का, असं सरळ विचारा ना.

प्रश्न : ताई, मी इंजिनियर आहे, टीममध्ये एकटीच बाई. डिझाइनमधली चूक मी मीटिंगमध्ये दाखवली की मी "अॅग्रेसिव्ह". तेच माझा सहकारी बोलला की "वा, किती क्लिअर थिंकिंग". यावेळी अप्रेझलमध्ये लिहून आलंय, "जरा मिळून मिसळून राहा." खरंच माझं चुकतंय का?
— एक वाचक

उत्तर : वरच्या दादांना मी जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लागू नाही, म्हणून तुझं पत्र मुद्दाम त्यांच्या खाली घेतलं.

मानसशास्त्रज्ञ मॅडलिन हाइलमन आणि सहकाऱ्यांचा 2004 सालचा अभ्यास आहे. पुरुषी समजल्या जाणाऱ्या कामात बाई यशस्वी आहे हे स्पष्ट दिसलं, तेव्हा लोकांनी तिला पुरुषाइतकीच कर्तबगार मानली, पण ती कमी आवडली. आणि नावडती ठरली की पगार-बढतीच्या शिफारशीतही मार बसतो. म्हणजे काम येतं हे सिद्ध करायचं, आणि केलं की त्याचीच शिक्षा.

हाइलमन यांनीच दुसऱ्या एका सहकाऱ्याबरोबर पुढे 2007 मध्ये हेही दाखवलं की ती इतरांची काळजी घेते अशी माहिती सोबत असली की हा राग बराच कमी होतो. उपाय म्हणून चालेल, "आपल्या टीमला नंतर त्रास नको म्हणून आत्ताच सांगते" असं जोडून बोलून बघ. पण हा जादाचा होमवर्क फक्त तुलाच का, हा प्रश्न मलाही पडतो आणि खरं सांगायचं तर रागही येतो.

त्या अप्रेझलच्या वाक्याला मात्र लेखी उत्तर दे, शांतपणे. कोणत्या मीटिंगमध्ये, कोणतं वाक्य खटकलं, आणि दाखवलेली चूक खरी होती की नव्हती. तिसरा मुद्दा वगळू नकोस, बहुतेक वेळा चर्चा तिथपर्यंत येऊच देत नाहीत. आणि तुझ्या त्या सहकाऱ्याला एकदा बाजूला घेऊन विचार की पुढच्या वेळी मी काही दाखवलं तर "हा मुद्दा तिचा आहे" एवढं बोलशील का. तो काय म्हणाला ते कळव.