विंडोज एक्सपीवर डायल-अप मोडेम (फोनच्या लाईनवरून इंटरनेट जोडणारा) बसवला, एरर 680 येतोय, फोन मात्र चालू आहे. काय करू?

बहुतेक भिंतीतून आलेली वायर तुम्ही मोडेमच्या 'फोन' लिहिलेल्या सॉकेटात घातलीय, ती काढून 'लाईन' लिहिलेल्या सॉकेटात घाला, टेलिफोनची वायर दुसऱ्यात. 680 म्हणजे मोडेमला डायल टोनच (रिसीव्हर उचलल्यावर येणारा आवाज) मिळत नाही, परभणीत घरोघरी मोडेम बसवून देताना मला पहिल्यांदा हेच सापडायचं. वायर बरोबर असूनही तेच दाखवायलंय तर

- कंट्रोल पॅनल, फोन अँड मोडेम ऑप्शन्स, मोडेमची प्रॉपर्टीज उघडा आन् डायल टोनची वाट बघायची टिक काढा, लाईनचा टोन तुटक असला की मोडेम तो ओळखत नाही
- तिथंच डायग्नोस्टिक्समधे क्वेरी मोडेम दाबा, खाली उत्तराच्या ओळी आल्या म्हणजे ड्रायव्हर (मोडेम चालवणारं सॉफ्टवेअर) ठीक

स्पीड 56 के (सेकंदाला 56 किलोबिट) लिहिलेलं असलं तरी तेवढी कधी मिळत नाही, 40-45 ला जोडलं तर लाईन चांगली समजा. पण हे सगळं तांब्याच्या तारेच्या लाईनसाठी, फायबरवरच्या फोनवर मोडेम चालेलच असं नाही. आणि वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की कॉम्प्युटर बंद असला तरी मोडेमची वायर काढून ठेवाच, वीज फोनच्या तारेतून येते आणि मोडेमसोबत मदरबोर्डही जाऊ शकतो.