प्रो मॉड ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांना खरी मोटार म्हणायचं का? त्या सरळच पळतात, मग त्यात कौशल्य ते काय?

कौशल्याचं काढलंत म्हणून लिहितोय. ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांची शेजारी-शेजारी पाव मैलाची शर्यत; प्रो मॉड हा त्यातला एक वर्ग, बाहेरून ओळखीच्या पण आतून पार बदललेल्या गाड्यांचा. माझे साडू फॉर्म्युला वनवाले. 'सरळ काय, कुणीही पळवेल' हे त्यांनी मला न्यू जर्सीत, एडिसन गावी, माझ्याच घरी, माझंच श्रीखंड खात ऐकवलं होतं. म्हणून त्यांना तिथल्याच इंग्लिशटाउनच्या ड्रॅग ट्रॅकवर नेलं. (2018 साली तिथलं ड्रॅग रेसिंग बंद झालं. असो.)

एनएचआरए ही अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना. तिच्या शर्यतीच्या तिकिटावर पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात तिथे, हिंडता येतं. तिथे 1969च्या शेवरोले कमारोच्या रूपातली एक प्रो मॉड उभी होती. दोघांनी बॉनेट, बंपर, मडगार्डसकट पुढचा अख्खा भाग उचलला आणि परातीसारखा बाजूला ठेवला. कार्बन फायबर! हेडलाइट म्हणजे नुसते स्टिकर. साडू खूश. "ही गाडी? हे तर मखर!" आत नळ्यांचा पिंजरा आणि मेथॅनॉलवर चालणारं सुपरचार्ज्ड (जास्तीची हवा कोंबणारं) व्ही-8 इंजिन. तेव्हा हो, कारखान्यातून निघालेलं त्यात जवळपास काही नसतं. पण दार उघडतं, ड्रायव्हर अमेरिकेतल्या साध्या गाडीसारखा डावीकडेच बसतो. फनी कार या ड्रॅगच्या दुसऱ्या वर्गातल्या गाडीला उघडणारं दारच नाही, अख्खं कवच मागच्या बिजागरीवर उचलायचं. मला एवढा फरक पुरतो.

मग तीच कमारो रेषेवर आली. बर्नआउट (टायर तापवायला चाकं जागीच फिरवणं), धूर, आणि टीमचा एक पोरगा हातवारे करत तिला तिच्याच काळ्या पट्ट्यांवरून मागे आणतोय. हिरवा लागला. पुढची चाकं उचलली, मागचे टायर थडथडले, नाक मधल्या रेषेकडे वळलं. रेष ओलांडली की बाद. ड्रायव्हरने क्षणात पाय काढला, गाडी सावरली, पॅराशूट सोडलं. शेजारची गाडी पाव मैल सहा सेकंदांच्या आत गेली, ताशी 390 किमीच्या वर.

साडू कानांवर हात दाबून गप्प. परतताना म्हणतात, "पण वळण कुठे होतं?" अहो, आमच्या खेडला घाटात बैलगाड्याची बारी बारा-तेरा सेकंदांत संपते. तिथे कुणी वळण मागतं?

बघायचं तर प्रो मॉडच बघा. ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जर), टर्बो, नायट्रस, इंजिनची ताकद वाढवायचे हे तिन्ही मार्ग एकाच वर्गात भिडतात. कुणाला किती वजन न्यायचं यावरून कायम भांडणं, पण मजा त्यातच आहे. कानात बोळे हवेतच, लहान मुलांना तर नक्की.

आणि हो, मी स्वतः कधी ड्रॅग केलेलं नाही. टोयोटाची साधी कॅमरी चालवतो. साडूही कॅमरीच चालवतात.