गेमकट्टा: जुना हाँक बरा की नवा स्कॅनर? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: नमस्कार, मी घणसोलीचा. एलिट डेंजरस हा अंतराळात जहाज चालवायचा गेम २०१५ पासून खेळायचो, मग मुलगी झाली आणि खेळणं सुटलं ते सुटलंच. आता परत इन्स्टॉल केलं तर माझा अॅडव्हान्स्ड डिस्कव्हरी स्कॅनर (ग्रह शोधायचं यंत्र) गायब आणि त्याच्या जागी रेडिओचं स्टेशन लावतात तसला भलताच स्क्रीन. आधी सिस्टीममध्ये, म्हणजे एखाद्या ताऱ्याच्या ग्रहमालेत उडी मारायची, एक हाँक द्यायचा, म्हणजे बटण दाबून स्कॅनरचा भोंगा वाजवायचा, की सगळे ग्रह मॅपवर हजर. ठाण्याचा पुतण्या म्हणतो, काका तुमच्या पद्धतीत नुसतं बटण दाबायचं, त्यात शोध कसला? मला रात्री जेमतेम एक तास मिळतो हो. कोणाचं बरोबर?

उत्तर: पुतण्याचं निम्मं बरोबर आहे, पण तुमचं जे गेलंय तेही खरंच गेलंय आणि ते जायला नको होतं असं माझं ठाम मत आहे.

आधी पुतण्याची बाजू घेतो. डिसेंबर २०१८ च्या अपडेटमध्ये हा बदल झाला. त्याआधी तीन स्कॅनर होते, पहिल्याचा पल्ला ५०० लाइट सेकंद (प्रकाश एका सेकंदात जातो ते एक लाइट सेकंद), दुसऱ्याचा १००० आणि तिसऱ्याला मर्यादाच नाही, म्हणजे एकदा पैसे साठवून तिसरा घेतला की विषय संपला, डोकं लावायला काही उरायचंच नाही. आणि खरा त्रास पुढे होता, प्रत्येक ग्रहाची माहिती हवी तर जहाज घेऊन त्याच्याजवळ जायचं. जोडतारा दोनतीन लाख लाइट सेकंदांवर असला की नाक सरळ धरून नुसतं बसायचं. हटन ऑर्बिटल हे लांबचं अंतराळ स्थानक आठवत असेल, ०.२२ प्रकाशवर्षं, तासाभराच्या वर लागतो! तुमच्या एका तासात तसला एकही ग्रह झाला नसता. आता तिथल्या तिथे थांबून फ्रीक्वेन्सी जुळवायची, झूम करायचं, पुढचा.

पण मी हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला जातो तेव्हा आधी काय करतो, तर नुसत्या डोळ्याने अख्खी खाडी बघून घेतो. ओहोटी कुठवर गेलीय, चिखल कुठे उघडा पडलाय, गुलाबी पट्टा कुठल्या बाजूला आहे. मग दुर्बीण. तिथे गेल्या गेल्या कोणी दुर्बीण डोळ्याला बांधूनच टाकली तर पक्षी दिसतील, एकेक करून सगळे दिसतील, पण खाडी नाही दिसणार. एलिटमध्ये नेमकं तेच झालंय. जुना हाँक दिला की सिस्टीमचा आकार एका नजरेत कळायचा, दोन चंद्र एकमेकांभोवती फिरतायत, एखादा पिटुकला दगड मोठ्या वायुग्रहाला चिकटून आहे, आणि आपण ठरवायचो की इथे थांबायचं. आता ते कळायला आधी सगळं उलगडावं लागतं.

मग बॅलन्स कसा हवा होता? माझ्या मते हाँकने रचना दाखवावी, कोण कोणाभोवती फिरतंय एवढीच, ग्रह म्हणजे नुसते राखाडी गोल. हे महत्त्वाचं आहे, कारण जुन्या मॅपवर ग्रहाचं चित्रच दिसायचं, त्यामुळे पृथ्वीसारखा निळा ग्रह मुरलेला खेळाडू स्कॅन न करताच ओळखायचा आणि मग शोधायचं काय राहिलं? ग्रह कुठल्या जातीचा ते नव्या स्कॅनरने सांगावं, जमीन कशी ते प्रोबने, म्हणजे ग्रहावर सोडायच्या छोट्या शोधयंत्रांनी. म्हणजे जुन्यांना नजर परत मिळाली असती आणि नव्यांचं कामही कमी झालं नसतं.

तुमच्या एका तासापुरतं सांगतो. हाँक द्या, स्पीड शून्यावर आणा, नवा स्कॅनर उघडा आणि लगेच झूम करत सुटू नका, आधी खालच्या पट्ट्यावरच्या खुणा वाचा. पट्ट्यावर प्रत्येक जातीची जागा ठरलेली आहे, पृथ्वीसारखा किंवा पाण्याचा ग्रह असेल तर त्याच्या जागी खूण दिसतेच. नसेल तर पुढची उडी. शंभर टक्के सिस्टीम पूर्ण करायची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नाही. दोनतीन रात्रीत हा पट्टा डोळ्यात बसतो आणि थोडी का होईना ती जुनी नजर परत येते, मला तरी आली.

आणि काका-पुतण्यांनी एक काम जोडीने करा. तुम्ही २०१५-१६ मध्ये ज्या सिस्टीमवर पहिलं नाव लावलंय (पहिल्यांदा शोधणाऱ्याचं नाव तिथे राहतं) तिथे त्याला न्या, कारण पृष्ठभागाचं पहिलं मॅपिंग हे वेगळं नाव २०१८ नंतर आलं, त्यामुळे तुमच्या नावाखाली त्याचं लागू शकतं.

प्रश्न: खारघरहून लिहितेय. प्रोब मारताना ग्रहाची मागची बाजू राहूनच जाते, गेमने दिलेल्या टार्गेटपेक्षा नेहमी दोनतीन प्रोब जास्त लागतात आणि बोनस जातो. काय चुकतंय?

उत्तर: तू ग्रहावर नेम धरतेयस, तो जरा बाहेर धर. प्रोब गुरुत्वाकर्षणाने वळतो, कडेच्या थोडं बाहेरून सोडला की वळसा घालून मागे पडतो. फार बाहेर गेला तर निघूनच जातो, तो अंदाज प्रत्येक ग्रहाला नव्याने घ्यावा लागतो. पहिला मागे टाक, मग कडेने, समोरचा शेवटी. ९० टक्के भरलं की मॅपिंग पूर्ण धरतात, बारीक फटी बुजवत बसू नकोस. प्रोब संपत नाहीत, तेव्हा बोनसचा विचार न करता आधी चारपाच ग्रहांवर नुसता हात बसव.