जुन्या बीमला खालून काँक्रीटचा थर दिला तर तो मजबूत होतो का?

होतो, पण नुसता थर चोपडून नाही. बीमचं जॅकेटिंग म्हणजे नवीन सळ्या, नवीन रिंगा आणि त्यावर काँक्रीट, आणि हे सगळं जुन्याशी एकजीव झालं तरच उपयोग, नाहीतर लोड आला की थर सुटून येतो. म्हणून आधी प्लास्टर आणि पोकळ काँक्रीट काढा, गंज साफ करा, पृष्ठभाग साधारण ६ मिमी खोल खडबडीत टोचून घ्या, आणि शिअर कनेक्टर, म्हणजे जुनं आणि नवीन काँक्रीट एकत्र धरून ठेवणारे सळईचे तुकडे, ड्रिल करून इपॉक्सीने (घट्ट चिकटवणाऱ्या रसायनाने) बसवा. खालच्या सळ्या कॉलममध्ये नीट अँकर, म्हणजे आत शिरून पक्क्या, झाल्याच पाहिजेत, इथेच बरेच जण कामचुकारपणा करतात आणि मला त्याचा फार राग येतो!

काम सुरू करण्याआधी टेकू लावून स्लॅबचा भार उचलायचा, नाहीतर स्लॅबचं वजन जुनाच बीम पेलत राहतो आणि नवीन थराला फक्त नंतर येणारा लोड मिळतो.

आणि वजन विसरू नका. २३० बाय ४५० मिमीच्या बीमला, स्लॅब १२० मिमी धरून, तिन्ही बाजूंनी ७५ मिमी थर दिला तर मीटरला जवळपास १९५ किलो वाढतात, तेव्हा कॉलम आणि फाउंडेशन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्याच. जागा अरुंद असेल तर मायक्रो काँक्रीट (बारीक खडीचं, वाहतं तयार मिश्रण) वापरा, ते व्हायब्रेटरशिवाय आपोआप पसरतं.