आधी पंख्याकडे बघा

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, दोन वर्षं जिम्नॅस्टिक्सला जाते. क्लास आठवड्यातून तीनच दिवस असतो. घरी गादी अंथरून कार्टव्हील करत असते, आता सरांनी बॅक हँडस्प्रिंग (मागे उडी घेऊन, हात टेकवून पुन्हा पायांवर येणं) सुरू केलंय. तिला हवा भरायची टंबलिंग मॅट हवी आहे. ऑनलाइन १० आणि २० सेंटीमीटर जाडीच्या, ३ ते ६ मीटर लांबीच्या दिसतात. आमचा हॉल १० बाय १५ फूट आहे. जाड मॅट जास्त सुरक्षित ना?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आधी तुमचा पंखा आला. फ्लॅटमध्ये पंख्याची पाती साधारण आठ फुटांवर फिरतात. लेक सव्वाचार फुटांची धरली, तर हात वर केल्यावर बोटं साडेपाच फुटांच्या आसपास जातात. २० सेंटीमीटरची मॅट म्हणजे त्यात आठ इंचांची भर, शिवाय उडीचे दीड फूट. पात्याखाली उरले जेमतेम चार इंच. म्हणून तुमच्या घरासाठी १० सेंटीमीटरचीच घ्या. सराव करताना पंखा बंद ठेवायचा आणि टेबलफॅन कोपऱ्यात लावायचा.

लांबी ३ मीटर पुरे. ती १५ फुटांच्या बाजूनेच टाका, कारण ३ मीटर म्हणजे जवळजवळ १० फूट. आडवी टाकलीत तर दोन्ही टोकं भिंतीला टेकतील. सोफा आणि टीपॉय सरकवून कडेने निदान हातभर जागा मोकळी राहू द्या. मॅटच्या काठावरून फरशीवर पाऊल गेलं की पाय लचकतो.

आता जाडीचं. या मॅटच्या आत वरचं आणि खालचं कापड हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधलेलं असतं, म्हणून ती ट्यूबसारखी फुगत नाही, फळीसारखी सपाट राहते. टणकपणा नुसत्या जाडीतून येत नाही, तो येतो हवेच्या दाबातून. हवा कमी असेल तर तळवा रुततो, मनगट नको तितकं मागे वाकतं. मी वीस वर्षं मुलं शिकवते आहे, मनगट धरून बसलेली मुलगी मला बघवत नाही. हवा भरून झाली की लेकीला मधोमध दोन्ही पायांनी उड्या मारायला सांगा आणि तुम्ही फरशीला गाल टेकवून बाजूने बघा. पाय पडल्यावर वरचं कापड खालच्याला टेकायला आलं तर हवा कमी आहे. सोबत विजेचा पंप घ्याच; हाताने भरायला लागलं की चार दिवसांनी कोणी पुरेशी हवा भरत नाही.

विकत घेताना काठाची शिवण नीट बघा. नुसती गोंदाने चिकटवलेली पट्टी मला नको वाटते, उष्णता देऊन वितळवून जोडलेली चांगली. आमच्या क्लाससाठी घेतलेली पहिली मॅट चिकटवलेलीच होती. मे महिन्यात सकाळच्या बॅचनंतर ती भरलेलीच गच्चीवर राहिली. दुपारी वर गेले तर एका बाजूची पट्टी हातभर उकललेली आणि मॅट वाळत घातलेल्या चादरीसारखी पडलेली. उन्हात आतली हवा फुगते, एवढं साधं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. तेव्हा बाहेर नेलीत तर सावलीत ठेवा आणि थोडी हवा सोडा. पावसाळ्यात कोरड्या फडक्याने पुसून, वाळवूनच घडी घाला. गुळगुळीत फरशीवर मॅट सरकते, खाली जुनी योगा मॅट अंथरा.

एक गोष्ट मात्र ही मॅट शिकवत नाही, ती म्हणजे लँडिंग. ती उसळी देते, त्यामुळे मुलीला वाटतं की उडी जमली. क्लासच्या फ्लोअरवर तेवढी उसळी मिळत नाही, मग गुडघे सरळ ठेवून उतरायची सवय अंगाशी येते. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा कर्माकरचं पदक अवघ्या ०.१५ गुणांनी हुकलं, चौथी आली ती. प्रोदुनोवासारखी अवघड व्हॉल्ट (धावत येऊन, टेबलावर हात टेकवून हवेत पुढे दोन कोलांट्या) मारणाऱ्या मुलीचंही लँडिंगकडे किती लक्ष असतं, हे लेकीला ती व्हॉल्ट दाखवून सांगा. घरी लँडिंग करायचंच असेल तर घडीच्या फोमच्या मॅटवर. गुडघे वाकवून उतरायचं आणि तीन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही.

मॅट मागवण्याआधी एकदा सरांना भेटा आणि ती एकटीने काय काय करू शकते ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. हँडस्टँड, ब्रिज, कार्टव्हील, फ्रंट वॉकओव्हर, जे काही ते म्हणतील ते. कागद फ्रिजवर लावा. बॅक हँडस्प्रिंग सरांनी स्वतःच्या हाताने त्यात लिहीपर्यंत घरी नाही, तुम्ही शेजारी उभ्या असलात तरी नाही.