टोकियोत कॅमेऱ्यासाठी काय पाहावे: राजवाडे, इमारती आणि शिबुयातील स्वच्छतागृहे

नोव्हेंबरच्या अखेरीस आपण तीन दिवस टोकियोत असणार आहात, इमारतींची छायाचित्रे काढण्याची आपल्याला आवड आहे, आणि तिथली सार्वजनिक स्वच्छतागृहे मुद्दाम वाट वाकडी करून पाहण्यासारखी आहेत का, की तो नुसता गाजावाजा आहे, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षांपासून याच शहरात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी बहुधा कॅमेरा घेऊन पायीच भटकतो. माझ्या मते राजवाड्यांना एक दिवस पुरेसा आहे. स्वच्छतागृहांसाठी मात्र एक संपूर्ण दुपार, तिला जोडून येणारी संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ राखून ठेवावी.

सम्राटांचा राजवाडा हा मुळात दिसण्यासाठी बांधलेला नाही. जुन्या एदो किल्ल्याच्या जागेवर तो उभा आहे. १९४५ च्या हवाई हल्ल्यात आधीचा राजवाडा जळाला आणि आजची वास्तू १९६८ मध्ये पूर्ण झाली. २ जानेवारी आणि २३ फेब्रुवारी हे दोन दिवस, तसेच मार्गदर्शकासह होणाऱ्या फेऱ्या वगळता आतील आवारात सहसा प्रवेश नाही. आपल्याला मिळते ते बाहेरून दिसणारे दृश्य: खंदकाचे स्थिर पाणी, दोन कमानींचा दगडी पूल आणि मागे झाडीतून वर आलेला पांढरा बुरूज. या दगडी पुलालाच सगळे निजुबाशी म्हणतात, पण खरा निजुबाशी त्याच्या मागचा लोखंडी पूल आहे. तिथे सकाळी लवकर जावे, कारण त्या वेळी ऊन आपल्या पाठीशी असते. पूर्वेकडची बाग विनामूल्य खुली असते, परंतु सोमवारी आणि शुक्रवारी बंद. तिथे १६५७ च्या भीषण आगीत जळालेल्या मुख्य मनोऱ्याचा केवळ दगडी चौथरा आहे. मनोरा पुन्हा कधीच बांधला गेला नाही. त्या चौथऱ्याचे दगड एकमेकांत किती घट्ट बसवले आहेत, हे जवळ जाऊन टिपण्यासारखे आहे.

तिथून पायी अंतरावर असलेले टोकियो स्थानक दुपारनंतरच्या उन्हात पाहावे, कारण त्याची लाल विटांची मारुनोउची बाजू पश्चिमेकडे तोंड करून आहे. वास्तुरचनाकार तात्सुनो किंगो यांनी रचलेली ही इमारत १९१४ ची. युद्धात तिचे घुमट आणि तिसरा मजला गेला, आणि पुढची सुमारे साडेसहा दशके ती दुमजलीच राहिली. २०१२ मध्ये तिला मूळ रूप परत मिळाले. समोरच्या कित्ते या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरील गच्चीतून संपूर्ण दर्शनी भाग चौकटीत मावतो आणि त्यासाठी पैसेही पडत नाहीत. आकासाका राजवाडा (१९०९) युरोपीय थाटाचा आहे. मुख्य इमारतीच्या आत छायाचित्रणास परवानगी नसते, पण प्रवेशद्वारावरच्या छतावर सामुराईंच्या चिलखतांच्या आकृत्या बसवल्या आहेत, त्या बाहेरून अवश्य टिपा. वेळ उरलाच तर राजपुत्र आसाका यांचे १९३३ चे निवासस्थान पाहावे. आज ते तेइएन कला संग्रहालय आहे आणि प्रवेशापाशीच फ्रेंच काच-कलाकार रने लालीक यांची काचेची दारे आहेत. आतील छायाचित्रणाचे नियम प्रदर्शनानुसार बदलतात, म्हणून ते आधी पाहून घ्यावेत.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. निप्पॉन फाउंडेशन या जपानी सेवाभावी संस्थेने शिबुया विभागात २०२० ते २०२३ या काळात सतरा ठिकाणची सार्वजनिक स्वच्छतागृहे नव्याने उभारली, आणि त्यांसाठी ज्यांची नावे एरवी संग्रहालयांच्या पाट्यांवर वाचायला मिळतात अशा वास्तुरचनाकारांसह सोळा जणांना पाचारण केले. ही स्वच्छतागृहे कोणालाही, कोणत्याही वेळी, विनामूल्य वापरता येतात. ज्या शहरातला सर्वांत मोठा राजवाडा खंदकापलीकडून पाहावा लागतो, त्याच शहरात तादाओ आन्दो यांनी रचलेल्या वास्तूत आपण हात धुऊ शकतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

दुपारी योयोगी-हाचिमान स्थानकापासून सुरुवात करावी. देवस्थानाच्या राईच्या पायथ्याशी तोयो इतो यांनी तीन गोल खोल्या अशा उभारल्या आहेत, की त्या झाडीतून उगवलेल्या अळंब्यांसारख्या दिसतात. तिथून शिगेरू बान यांच्या दोन जागा चालत गाठता येतात: हारु-नो-ओगावा उद्यानातील निळ्या-हिरव्या काचांची आणि फुकामाची उद्यानातील उबदार रंगांची. सार्वजनिक स्वच्छतागृहात जाताना माणसाला दोन शंका असतात, आत स्वच्छ आहे का आणि आत कोणी आहे का. पारदर्शक भिंतींमुळे दोन्हींचे उत्तर बाहेरूनच मिळते. कडी लावली की काच अपारदर्शक होते. थंडीत हा बदल सावकाश होऊ लागल्यामुळे एका हिवाळ्यात काचा कायम अपारदर्शकच ठेवल्या होत्या, तेव्हा आपल्यालाही त्या तशाच दिसल्या तर निराश होऊ नका. अंधार पडताना या खोल्या आतल्या दिव्यांनी कंदिलासारख्या उजळतात आणि छायाचित्राची खरी वेळ तीच. आपण याल तेव्हा सूर्यास्त साडेचारच्या सुमारास होईल, म्हणून चार वाजताच जागा धरावी, आणि प्रकाशमापन आकाशाचे न घेता उजळलेल्या काचेचे घ्यावे, नाहीतर रंग पांढरे पडतात.

एकदा पाऊस थांबल्यावर मी तिथे वाट पाहत उभा होतो. सफाई कामगार आतले काम संपवून बाहेर आले, फडक्याची चौपदरी घडी घातली आणि बाहेरच्या काचेवरचे थेंब वरून खाली, एकही पट्टा न सोडता पुसू लागले. माझा कॅमेरा दिसताच आपणच मध्ये येत आहोत असे वाटून ते मान लववून बाजूला झाले. मी त्यांना काम पुरे करण्याची विनंती केली, आणि त्यानंतर त्या काचेत उमटलेले झाडांचे प्रतिबिंब हे माझे तिथले सर्वांत आवडते छायाचित्र आहे.

वाटेत योयोगीचे क्रीडागृह लागेल. केन्झो तांगे यांनी १९६४ च्या ऑलिंपिकसाठी पोलादी दोरांवर तोललेले त्याचे छप्पर दुरून नव्हे, तर कोपऱ्याखाली उभे राहून पाहावे. केन्गो कुमा यांच्या नाबेशिमा शोतो उद्यानातील पाच झोपड्यांसाठी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळ काढा. देवदाराच्या ओबडधोबड कडांच्या फळ्या तिरक्या बसवलेल्या आहेत, आणि ओलसर हवेत त्यांचे पोत फार सुंदर उमटतात. आन्दो यांचे जिंगू-दोरी उद्यानातील वर्तुळाकार स्वच्छतागृह तिथून फार लांब नाही. त्याच्या उभ्या पट्ट्यांतून आत येणारी उन्हाची रेघ टिपायला थोडा धीर लागतो. एबिसू भागातले फुमिहिको माकी यांचे काम शांत, पांढरे आहे. त्या उद्यानात ऑक्टोपसच्या आकाराची घसरगुंडी असल्यामुळे या स्वच्छतागृहाला माकूळ (ऑक्टोपससारखाच एक समुद्री जीव) हे नाव मिळाले. आवाजाच्या आज्ञेवर चालणारे हातागायाजवळचे पांढरे, गोल स्वच्छतागृह वेळ कमी असल्यास सोडून द्यायला हरकत नाही, कारण त्याची गंमत वापरण्यात अधिक आहे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. आत कोणी असताना किंवा कोणी आत-बाहेर करत असताना कॅमेरा खाली ठेवावा आणि आतले छायाचित्र खोली रिकामी असेल तेव्हाच, झटपट घ्यावे. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही तो चोरट्या छायाचित्रणाच्या भीतीपोटीच, आणि अशा जागी ती भीती सर्वांत जास्त असते. रांग लागली असेल तर ट्रायपॉड उभारू नये. पाच-दहा मिनिटांत जागा मोकळी होते.