झेडएक्स स्पेक्ट्रम (सिंक्लेअर कंपनीचा ८० च्या दशकातला होम कॉम्प्युटर) १६ के म्हणजे १६ किलोबाइट मेमरीचा ४८ के करायचाय? आधी हे बघ

चिप्स मागवायची घाई करू नकोस रे, आधी मशीन नीट चालू होतंय का ते बघ. आधीच असलेल्या, खालच्या १६ के मेमरीच्या आठ ४११६ चिप्सना +५, +१२ आणि -५ असे तीन व्होल्टेज लागतात, त्यातलं -५ गेलं की त्या जळतात, म्हणून मीटर लावून तिन्ही मोजून घे. अ‍ॅडाप्टर ९ व्होल्टचा आणि मधली पिन निगेटिव्ह, हल्लीचा कुठलातरी खुपसलास तर कल्याणच!

उघडताना कीबोर्डची चपटी पट्टी सांभाळ, ४० वर्षांत ती पापडासारखी कडक झालेली असते, जरा ओढली की तुटली.

वाढवायच्या, वरच्या ३२ के साठी मूळ ४५३२ म्हणजे अर्ध्या बिघडलेल्या ६४ के चिप्स होत्या, सिंक्लेअरने स्वस्तात वापरल्या. तू सरळ आठ ४१६४ घे, पण लिंक वायर (चिपचा कुठला अर्धा भाग वापरायचा ते बोर्डला सांगणारी तार) लावावीच लागते, शिवाय चार लॉजिक चिप्सपण. डायरेक्ट सोल्डर नको, सॉकेटच लाव. चिपची खाच कुठल्या बाजूला ते दोनदा बघ.

मग प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ ही बेसिकची कमांड टाईप कर, मेमरीचा शेवटचा पत्ता दिसतो. ६५५३५ आलं तर झालं काम, ३२७६७ आलं तर वरची मेमरी दिसतच नाहीये, परत लिंकपासून तपास.